हिराजीने निवडलेले शॉकप

शॉकपचं माप मी शिवणाच्या टेपने घेतलं. टेप बायकोची, गाडी बायकोच्या धंद्याची, अक्कल तेवढी माझी. गाडी रिकामी होती, तिचं एक मागचं चाक सोसायटीच्या गटाराच्या झाकणावर चढलेलं होतं, आणि मी पोटावर पालथा पडून आकडे मोठ्याने सांगत होतो. बायको ते वाण्याच्या यादीच्या पाठीमागे लिहून घेत होती. "नक्की ना?" तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, "मी तीन व्हिडिओ बघितलेत." त्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे तिचं गप्प बसणं मला ओळखू यायला हवं होतं.

शॉकप म्हणजे चाकापाशी उभी असते ती तेल भरलेली जाड नळी. गाडी खड्ड्यातून उसळली की तिला आवरते. मी मागवलेले शॉकप माणसाच्या मांडीएवढे जाड होते आणि खोक्यावर वाघाचं चित्र होतं. ते बसवले आणि आमची पिकअप वाघासारखी नाही, बेडकासारखी चालायला लागली.

हे सगळं कशासाठी, तेही सांगतो. विम्याच्या कचेरीतून मी वेळेआधी निवृत्त झालो आणि बायकोच्या, म्हणजे सुलभाच्या, पोळी-भाजी केंद्राचा वाहतूक विभाग झालो. विभागात मी एकटाच. डोंबिवलीत आमचं स्वयंपाकघर, तिघी बायका हाताखाली. त्यातच ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीतल्या कचेरीने दुपारच्या जेवणाची ऑर्डर दिली. तीन महिने बघू, नीट चाललं तर वर्षाचं पक्कं करू, असं ठरलं. ती ऑर्डर सुलभाने कुणाच्या ओळखीने नाही, नुसत्या आमटीवर मिळवलेली होती. त्या जोरावर तिने तिघींना सांगून टाकलं होतं की आता घरकामं सोडा, इकडेच पूर्णवेळ या.

अडचण एकच. जेवण तळघरातल्या लिफ्टने वर न्यायचं आणि तळघराच्या तोंडाशी साखळ्यांवर टांगलेला काळा-पिवळा लोखंडी दांडा. त्याच्यापेक्षा उंच गाडीला आत मज्जाव. आमच्या गाडीवरचा पत्र्याचा डबा चार बोटं उंच भरला. डबा कापावा तर वरची मांडणी जाते आणि पोळ्यांचे डबे ठेवायला जागा राहत नाही. मग डोंबिवलीतल्या एका गॅरेजवाल्याकडून चाकांवरच्या लोखंडी कमानींचा, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगांचा, बाक उतरवून घेतला आणि गाडी चार बोटं खाली आणली. दांड्याखालून ती सुळकन गेली. पण खाली बसलेल्या गाडीला जुने शॉकप लांब पडू लागले. प्रत्येक खड्ड्याला "ठक". म्हणून मी टेप काढली होती.

हिराजी मिस्त्रीचं नाव आम्हाला गाडीवरचा पत्र्याचा डबा बनवणाऱ्याने दिलं. "कमानी कोणीही उतरवेल," तो म्हणाला, "शॉकप निवडायला हिराजीकडे जा. वागळे इस्टेटला, बंद कंपनीच्या मागच्या गल्लीत."

आम्ही गेलो तेव्हा हिराजी आमच्याकडे पाठ करून चहा पीत बसला होता. साठीचा, काटक, अंगात पांढरा स्वच्छ बनियन. गाडीखाली दिवस काढणाऱ्या माणसाचा बनियन पांढरा कसा राहतो हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी गाडी गल्लीत वळवली, दोन खड्डे घेतले, थांबवली. तो न वळताच म्हणाला, "डावा बाजू जास्ती आपटतो. कोनी बसवलं?"

मी म्हटलं, "मीच मागवले."

आता तो वळला. गाडीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "कंबर दुखतं का?"

"दुखते."

"दुखनारच. भाऊ, मानूस म्हातारपनी बुटका झाला, तं त्याचा पायजमा तोच ठेवायचा का? तुमी तं त्याच्याहून लांब पायजमा आनला."

सुलभा हसली. गाडी खाली आणल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मीही तो अपमान गोड मानून घेतला.

हिराजी मूळचा दिवा स्टेशनच्या बाजूचा, खाडीकाठच्या गावातला आगरी. घरासमोर आता सात मजली इमारती उभ्या राहिल्या, पण नळाला पाणी दोन दिवसांनी. त्याची भाषा मऊ आणि बोलणं मोजकं. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "माल काय?" विटा नेणाऱ्याला वेगळं उत्तर, काच नेणाऱ्याला वेगळं. सुलभाला त्याने विचारलं, "वहिनी, जेवनात काय काय असता?"

"पोळ्या, दोन भाज्या, भात. आमटी किंवा कढी."

"कडी किती दिवस?"

"आठवड्यातून दोनदा."

त्याने मान हलवली. डॉक्टर मधुमेह सापडल्यावर हलवतो तशी. "आमटी जड असता, दमानं हालतो. कडी लय हालतो. मंग कडीचाच शॉकप बघावा लागल."

बायकोच्या पाककृतीवरून गाडीचा भाग निवडणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी तिथेच त्याचा भक्त झालो.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला सगळी भांडी भरून बोलावलं. रिकाम्या गाडीचं माप घेणाऱ्यांबद्दल त्याचं मत त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, तरी मला लागायचं ते लागलं. भरलेली गाडी सपाट जागेवर उभी केली. शॉकपचं वरचं टोक जिथे अडकतं तिथपासून खालचं टोक अडकतं तिथपर्यंत त्याने बांबूची कामटी धरली आणि दोन खुणा केल्या. टेप नाही, आकडा नाही. मग सुलभाला जवळ बोलावून समजावलं. गाडी भरून उभी असताना शॉकपचा दांडा निम्मा आत हवा, निम्मा बाहेर. गाडी दबली तर आत जायला जागा, उसळली तर बाहेर यायला जागा. लांब शॉकप आधीच आत दबून बसतो, मग खड्ड्यात त्याला जायला जागाच नाही, तो तळाला आपटतो. आणि फार कडक घेतला तर कमानीला हलूच देत नाही, सगळा दणका भांड्यांना.

"कमान उडी मारते," तो म्हणाला, "शॉकप तिला बोलतो, बास आता. पन मारू द्यायची येक उडी. घरात कसा असता, वहिनी?"

"आमच्याकडे उड्या हेच मारतात," सुलभा म्हणाली.

आठ-दहा दिवस त्याने लावले. या गाडीचे, त्या गाडीचे शॉकप लावून बघायचा. दांड्यावर ग्रीसचा हात फिरवायचा, मला इस्टेटमधून एक चक्कर मारायला लावायचा आणि परत आल्यावर ग्रीस कुठपर्यंत पुसलं गेलं ते वाकून बघायचा. मागे डब्यात पाण्याने भरलेलं पातेलं. पातेल्याच्या आत हळदीने ओढलेली रेघ. पाणी हलून त्या रेघेच्या वर गेलं तर हळद विरघळायची. चाचणी झाली की ते पाणी तो ओतून देत नसे, पुन्हा पिंपात. "आमच्याकडे दिव्याला पान्याचा हाल हाय," म्हणायचा, "सांडवायचा नाय काय." शेवटच्या दिवशी मात्र त्याने पाणी नाकारलं. "पानी कडीसारका हालत नाय. कडी आना." सुलभाने खरोखर कढी केली. मी पातेलं घेऊन वागळे इस्टेटला तीन चकरा मारल्या आणि हळदीची रेघ जशीच्या तशी राहिली. मग आम्ही तिघांनी गल्लीत उभं राहून ती कढी भातावर घेऊन संपवली. हिराजीने दोनदा घेतली. "वहिनी," तो म्हणाला, "हा कडी सांडला तं पाप लागल."

त्या दिवशी त्याने शेवटची जोडी बसवली. खोक्यातून काढली, काळी चकचकीत. "नवीन?" मी विचारलं, उगाच, काहीतरी विचारायचं म्हणून. "बगा ना," तो म्हणाला. मी बघितलं. नळीवर माझा चेहरा दिसत होता. मला आणखी काय बघायचं असतं हे ठाऊक नव्हतं.

त्याची एक पद्धत मला सगळ्यात भावली होती. गाडीतून निघालेला जुना शॉकप तो मालकासमोर आडवा धरायचा, बुडापासून अंगठाभर वर ड्रिलने एक भोक पाडायचा आणि काळं तेल डब्यात निथळू द्यायचा. "मेलेला शॉकप कोन तरी रंग मारून परत इकता," तो सांगायचा. "म्हनून आपन भोक पाडायचा. परत कोनाच्या गाडीत जायला नको." माझे वाघछाप शॉकप नवेच होते, त्यामुळे ते सुटले. पण मी घरी ठेवलेल्या गाडीच्या मूळ शॉकपांना त्याने माझ्यासमोर भोक पाडलं आणि मी ते अंत्यसंस्कारासारखं हात जोडून बघितलं.

ही भोकाची गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल. मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीत सांगितली. सोसायटीच्या वार्षिक सभेत, लिफ्टच्या दुरुस्तीवर चर्चा चालू असताना, प्रामाणिक कारागीर कसा असतो याचं उदाहरण म्हणून उभं राहून सांगितली. मेव्हण्याचा टेंपो मी त्याच्याकडे नेला. सोसायटीतल्या शाळेच्या व्हॅनवाल्यालाही नेलं. प्रत्येक वेळी भोक पडताना मी शेजारी उभा राहून त्यांच्याकडे अशा तोऱ्यात बघायचो की जणू ड्रिल माझ्याच हातात आहे.

दोन महिने कढी सांडली नाही. कचेरीतली व्यवस्था बघणारी मुलगी सुलभाला काकू म्हणायला लागली होती. करार टाइप होतोय असा निरोपही आला. सुलभाने मोठी शेगडी बघून ठेवली. घेतली नव्हती, बघून ठेवली होती. तिचा तेवढाच हावरटपणा.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मला गाडी थोडी झुलतेय असं वाटलं. मी सुलभाला म्हटलं, "हिराजीने निवडलेत, काही होत नाही." त्या शुक्रवारी कढी होती. तळघराच्या उतारावर एक गतिरोधक आहे, त्याच्या पुढे चार हातांवर तो टांगता दांडा. रोज आम्ही दोन्ही हळूच पार करायचो. त्या दिवशीही मी हळूच होतो. मागची चाकं गतिरोधकावरून उतरली, गाडी दबली, आणि वर आली ती येतच राहिली. तिला बास म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. दुसऱ्या उसळीला डब्याची कड दांड्यावर आपटली. एक साखळी तुटली, दांडा तिरका लोंबकळला, डब्याचं दार उघडलं आणि आमची कढी उतारावरून शांतपणे तळघरात गेली. एका पांढऱ्या गाडीच्या चारही चाकांना प्रदक्षिणा घालून जाळीत उतरली. वर शंभर माणसं ताट घेऊन उभी होती.

सुलभा माझ्या शेजारीच बसली होती. ती उतरली, पोळ्यांचे डबे मोजले, लिफ्टने वर गेली आणि पोळी-भाजी वाढून आली. संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. "काकू, जेवण सगळ्यांना आवडायचं," ती म्हणाली. आवडायचं, असं म्हणाली. आम्ही दोघांनीही ते ऐकलं.

परत येताना गाडी इतकी डोलायला लागली की शीळ रस्त्यावर कल्याणच्या अलीकडे एका मेकॅनिककडे थांबवावी लागली होती. त्याने शॉकप काढला, हाताने दाबला. तो दबला आणि तसाच राहिला, दमलेल्या माणसासारखा. मग त्याने पेचकसाने बुडाजवळचा काळा रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा मिऱ्याएवढा थेंब होता.

"जुना आहे साहेब. भरलेला माल."

"म्हणजे?"

"भोक पाडायचं, जुनं तेल काढायचं, नवीन ओतायचं, वेल्डिंग मारायचं, रंग द्यायचा. भोक पाडल्याशिवाय भरता येत नाही ना."

भोक बुडापासून अंगठाभर वर होतं. मी अंगठा ठेवून बघितला.

त्या मेकॅनिकने आणखीही काही सांगितलं असेल, मला आठवत नाही. मला मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नातली पंगत आठवत होती. मी ज्याला अंत्यसंस्कार समजून हात जोडत होतो, ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या शॉकपची पहिली तयारी होती. आमच्यासमोर, आमच्या कौतुकात, उजेडात. आणि गिऱ्हाइकं पकडून आणायला मी होतो, बिनपगारी.

दुसऱ्या दिवशी मी एकटा वागळे इस्टेटला गेलो. शॉकप पिशवीत घालून नेला आणि त्याच्यासमोर ठेवला, खरवडलेली बाजू वर करून. मला वाटलं होतं, तो नाकारेल. तो नाकारेल आणि मला कदाचित त्याचं पटेल, अशी आशा घेऊनच मी गेलो होतो की काय, कुणास ठाऊक. हिराजीने तो उचलला, थेंबावरून बोट फिरवलं.

"येवड्या लवकर जायला नको होता," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्हीच भरला."

"भाऊ, तुमच्या मापाचा नवीन कोनी बनवतच नाय. गाडी खाली आनल्यावर कंपनीचा माल चालत नाय. जुन्यातनाच निवडावा लागतो. माप बरोबर होता का नाय? कडी सांडला का दोन म्हयने?"

"सांगायचं होतंत."

"सांगितला असता तं तुमी बसवला असता?"

खरं होतं. बसवला नसता. त्याचा मुद्दा बिनतोड होता आणि तोच मला जास्त लागला. तो म्हणाला, "वहिनीच्या हाताची चव हाय, दुसरा काम मिलल. इकडं आना गाडी, परत भरून देतो." हे तो चांगुलपणाने म्हणाला. अजूनही मला वाटतं, चांगुलपणानेच म्हणाला. पिशवी तिथेच सोडून मी निघालो.

तिघींपैकी दोघींना सुलभाने सांगितलं, की काही दिवस येऊ नका. "काही दिवस" हे शब्द तिने मुद्दाम घातले होते. दोघींनीही ते ऐकून मान हलवली, कारण त्यांनी आपली आधीची कामं आमच्या भरवशावर सोडली होती आणि भांडून ती परत मिळणार नव्हती. मेव्हण्याला आणि व्हॅनवाल्याला मी फोन करून खरं काय ते सांगितलं. व्हॅनवाला म्हणाला, "काका, तुम्हीच म्हणालेलात ना?" मी म्हटलं, हो, मीच म्हणालेलो.

मला राग नेमका कशाचा होता, याचा मी बराच विचार केला. जुना माल दिला याचा नव्हता. विम्याच्या कचेरीत आयुष्य काढलेला माणूस मी, फसवणूक मला नवीन नाही. पण फसवणारे तिथे काम वाईट करायचे आणि तोंड गोड करायचे. याने कामटी धरून भरलेल्या गाडीचं माप घेतलं. कढी मागवली. दहा दिवस ग्रीस पुसलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. इतकं खरं काम करून शेवटी एवढंसं खोटं का घातलं, हे मला कुणी सांगेना. तो म्हणाला होता तेवढंच हाताशी होतं, की या मापाचा नवा कोणी बनवत नाही. त्या वाक्यावर मी त्याला निम्मी माफी देऊन ठेवली होती.

दीड महिन्याने त्या इमारतीतून फोन आला, तुमची दोन पातेली इथे राहिलीत. ती आणायला मी घोडबंदर रोडला गेलो. येताना वागळे इस्टेटचं वळण आलं आणि गाडी वळवली. नवे शॉकप घातले नव्हते, डोलतच गेलो. वाहतूक तुंबलेली, त्यामुळे हिराजीला काय बोलायचं याचं भाषण मी पूर्ण तयार केलं होतं. त्यात मोठेपणा होता, क्षमा होती, एक-दोन टोमणेही होते.

गल्लीत एक पिकअप उभी होती. आमच्यासारखीच, डबाही तसाच, चार बोटं खाली आणलेली. डब्यावर नाव होतं ते मी तासाभरापूर्वी त्या कचेरीच्या पँट्रीच्या फळ्यावर वाचलं होतं. आमच्यानंतर जेवण तेच पुरवत होते. मालकीणबाई उलट्या पिंपावर बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, मांडीवर दोन खोकी. हिराजी गाडीखाली होता. पांढरा बनियन.

"मिस्त्री, किती आत गेला? मला दाखवा," बाई म्हणाल्या आणि साडी सावरून स्वतः वाकून बघायला लागल्या. मग एक खोकं त्याच्या हातात दिलं. दुसरं मांडीवरच ठेवलं. त्याने त्यांच्यासमोर पट्टी फाडली, कंपनीचा कागद काढला. बाईंनी तो कागद पर्समधल्या पावतीशी ताडून बघितला. नंतरच मान हलवली.

मी उगाच विचारलं, "या मापाचे मिळतात?"

"आठ दिवस लागले," बाई म्हणाल्या. "यांनी माप लिहून दिलं, दुकानदाराने मागवून दिले. तुमचंही काम यांच्याकडेच का?"

"होतं," मी म्हटलं.

हिराजीने गाडीखालून मान बाहेर काढली. मला बघितलं. लाजला नाही, घाबरला नाही. "बसा भाऊ," तो म्हणाला, "चा घेऊन जावा." आणि पुन्हा आत सरकला. गाडीखालून त्याचे फक्त तळवे दिसत होते आणि ग्रीसचा डबा. आतून तो त्या बाईंना विचारत होता, "माल काय बोललात? कडी का आमटी?"

मी चहा घेतला नाही. भाषण तसंच घेऊन घरी आलो.

सुलभा पोळ्या लाटत होती. आता शेजारपाजारच्याच ऑर्डरी, त्यामुळे ती एकटीच लाटते. मी पातेली खाली ठेवली आणि जे बघितलं ते सगळं सांगितलं. तिने तव्यावरची पोळी उलटली.

"म्हणजे नवे मिळत होते."

"हो. आठ दिवसांत."

"मग त्याने आपल्याला का नाही सांगितलं, आठ दिवस थांबा म्हणून? मी थांबले असते की."

मी म्हटलं, त्याला घाई असेल. म्हटलं, तेव्हा मिळत नसतील. म्हटलं, त्या बाई मोठ्या गिऱ्हाईक असतील, ओळखीच्या असतील. ती ऐकत होती, लाटत होती. शेवटी मीच तिला विचारलं, "तुला काय वाटतं? त्यांना नवे का दिले त्याने?"

तिने पोळी डब्यात टाकली, दुसरी तव्यावर घातली.

"त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नसेल," ती म्हणाली.